अंडी राखणारी माणसं

पैसे भरून मजुरी करायला कोण जातं, हे माझ्या घरात सगळ्यांनी विचारून झालंय. आईने विचारलं, मावशीने विचारलं, ऑफिसमधल्या मित्राने तर सरळ हिशोबच मांडून दाखवला की तेवढ्या पैशात मेक्सिकोत कॅनकूनला चांगल्या हॉटेलात आठवडा काढता आला असता. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायला मी जाते, राहण्या-जेवणाचे रोजचे पैसे मीच भरते, रात्री चार-पाच तास वाळूत चालते आणि दिवसा हॅचरीचं, म्हणजे आणलेली अंडी पुन्हा पुरून राखतात त्या जागेचं, कुंपण दुरुस्त करते, एवढं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न पैशाचाच येतो. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्या किनाऱ्यावर जे काही चांगलं-वाईट चाललंय ते पैशाभोवतीच फिरतंय, म्हणून मी पण तिथूनच सुरुवात करते.

लेदरबॅक कासवाच्या एका घरट्यात साधारण ऐंशी अंडी असतात. चोरून विकली तर एका अंड्याला एक डॉलरच्या आसपास मिळतो. बारमध्ये कच्चं अंडं तिखट सॉस घालून छोट्या ग्लासात देतात, पुरुषांची ताकद वाढते अशी समजूत आहे, तिला कसलाही आधार नाही, पण गिऱ्हाईक आहे. म्हणजे एका रात्रीत, एका खड्ड्यातून, ऐंशी डॉलर रोख. केळीच्या बागेत तेवढे मिळवायला माणसाला तीन-चार दिवस राबावं लागतं, तेही बागेत काम असेल तर. हा सगळा लिमोन प्रांत केळीवरच उभा राहिलाय. राजधानी सॅन होजेपासून लिमोन बंदरापर्यंतची रेल्वे १८७१ ला सुरू होऊन १८९० मध्ये पुरी झाली, ती बांधायला जमैकाहून मजूर आणले, रेल्वेच्या कडेने केळी लावली आणि ती तिथेच राहिली. त्या मजुरांची पतवंडं-खापरपतवंडं आज या किनाऱ्यावर राहतात, जमैकाची आठवण यावी अशी वेगळी इंग्रजी घरात बोलतात, आणि देशाच्या मधल्या भागाच्या मानाने हा भाग अजूनही मागे आणि गरीब आहे. अंडी काढणाऱ्यांना तिथे वेवेरो म्हणतात. हे सगळं माहीत नसताना नुसतं ‘चोर’ म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

मी अमेरिकेत ऑस्टिनला राहते. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे आपल्या लोकांना कोस्टा रिकाला जाणं त्या मानाने सोपं पडतं. ह्यूस्टनहून सॅन होजेला विमान, तिथून बसने ढगात बुडालेला डोंगर उतरून कॅरिबियनच्या बाजूला यायचं, मग केळीच्या बागांमधून धक्क्यापर्यंत आणि पुढे फायबरच्या होडीतून कालव्यांच्या वाटेने, कारण या किनाऱ्याच्या बऱ्याच भागात रस्ता पोचतच नाही. होडीतून जाताना दोन्ही बाजूंना जंगल, आणि मधेच एखादी निळी पिशवी पाण्यावर तरंगत येते. केळीच्या घडाला किडीपासून वाचवायला कीटकनाशक लावलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घालतात, त्या पावसात वाहून नदीत, नदीतून समुद्रात, आणि लाटांबरोबर परत किनाऱ्यावर. लेदरबॅक जेलीफिश खाऊन जगतं, पाण्यात तरंगणारी पिशवी आणि जेलीफिश यातला फरक त्याला कळत नाही. दुपारच्या पाळीला आम्ही वाळूतून त्या पिशव्या ओढून काढतो, अर्ध्या पुरलेल्या असतात, ओढताना फाटतात, आणि मला दर वेळी सुपरमार्केटमधली केळी आठवतात, स्टिकर लावलेली, अगदी स्वच्छ.

रात्रीचे नियम साधे आहेत. काळे किंवा गडद कपडे. पांढरी बॅटरी नाही, लालच, तीही गस्तीच्या लीडरने सांगितल्यावरच. अंड्यांना हात लावायचा असेल तर डासांचं क्रीम नाही, आणि वाळूतल्या बारीक चिलटांचा तिथे इतका त्रास आहे की हा नियम सगळ्यात कठीण वाटतो. मोबाइल खोलीत. वाळू ज्वालामुखीची, काळी, त्यामुळे चांदणं नसेल तर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, पुरात वाहून आलेले मोठमोठे ओंडके आडवे पडलेले असतात, त्यांना धडकत धडकत जायचं. लेदरबॅकचे दिवस मार्च ते जुलै, ग्रीन टर्टल या दुसऱ्या जातीचे जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि पाऊस कधीही, कारण तिथे कोरडा म्हणावा असा ऋतू जवळजवळ नाहीच. माझं आजोळ गुहागरचं, पाऊस मी पाहिलेला आहे, तरी पण तिथल्या पावसात रात्री एक वाजता चालताना वाटतं की हा आता थांबणारच नाही.

मग कधीतरी लीडर हात आडवा करून थांबवतो. वाळूत दोन मीटर रुंदीचा पट्टा समुद्रातून वर गेलेला असतो. तो एकटा पुढे जाऊन बघून येतो, आणि आम्ही ओंडक्यावर गप्प बसून राहतो, कारण मादी खोदत असताना गडबड झाली तर ती तशीच परत फिरते. अंडी घालायला लागली की मात्र ती जणू आपल्यातच असते, तेव्हा जवळ जाता येतं.

जवळून जे दिसतं ते सांगते. तीन-चारशे किलोचा जीव. पाठीवर कवच नाही, काळं रबरासारखं कातडं आणि त्यावर लांबीच्या दिशेने उठलेल्या कडा. डोक्यावर एक गुलाबी डाग, तो प्रत्येक मादीचा वेगळा. श्वास सोडते तो अगदी जोरात ऐकू येतो. आणि मागच्या दोन वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, ती खड्डा खणते, ते बघायला मी कितीही वेळा जाईन. एक वल्हं आत जातं, त्याची कड आतल्या बाजूला वळते, ओंजळभर वाळू उचलून वर येते आणि बाजूला अलगद ठेवली जाते, मग दुसरं. आजी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचं पीठ काढायची तसं, सांडू न देता. मान मागे वळत नाही, खड्डा तिला एकदाही दिसत नाही. पाऊण मीटरच्या आसपास खोल गेलं, वल्हं तळाला पुरेनासं झालं की थांबते.

घरटं भरतीच्या रेषेखाली असेल किंवा वेवेरोंच्या वाटेवर असेल (आणि आमच्या किनाऱ्यावर बहुतेक सगळाच किनारा त्यांची वाट आहे) तर अंडी हलवावी लागतात. मग कुणीतरी तिच्या मागे वाळूत पालथं पडून, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालून पिशवी धरायची. अंडी दोन-दोन, तीन-तीन पडतात, कोमट, चिकट, पाच सेंटिमीटरच्या आसपास, कवच मऊ. शेवटी शेवटी छोटी, बलक नसलेली अंडी येतात. त्याच वेळी दुसरा माणूस टेप लावून पाठीची लांबी घेतो, मागच्या वल्ह्यांजवळचे धातूचे टॅग वाचतो, नसतील तर लावतो, खांद्यात चिप आहे का ते स्कॅनर फिरवून बघतो. आकडे स्पॅनिशमध्ये हळू आवाजात सांगायचे, लिहिणाऱ्याने परत म्हणायचे. पिशवी भरली की सात-आठ किलो होते आणि ती न हिंदकळू देता हॅचरीपर्यंत न्यायची, काही तासांच्या आत, कारण नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं फिरलं की मरतो.

आणि ती मादी तिकडे रिकाम्या खड्ड्यावर वाळू लोटत असते. दाबते, लोटते, परत दाबते, मग पुढच्या वल्ह्यांनी आजूबाजूला वाळू उडवून खरी जागा कळू नये अशी करते, अर्धा-पाऊण तास. आत काहीच नाही. मला ते बघवत नाही, अजूनही नाही. ती अंडी तिथेच राहिली असती तर तासाभरात कुणीतरी काठी खुपसून शोधली असती हे मला पक्कं माहीत आहे, तरीही.

हॅचरीत पुन्हा तसाच खड्डा हाताने करायचा, तेवढाच खोल, वर अरुंद, खाली फुगलेला. साधारण दोन महिने. वाळूचं तापमान साडेएकोणतीस अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली राहिलं तर नर जास्त, आणि काळी वाळू तापते पटकन, म्हणून वर सावलीची जाळी बांधायची, ती वाऱ्याने फाटली की शिवायची. चोवीस तास कुणीतरी तिथे बसलेलं असतं. खेकडे येतात, कुत्री येतात, माणसंही येतात.

आमचा गस्तीचा लीडर तिथलाच. लहानपणी वडिलांबरोबर तोही अंडी काढायला जायचा, हे त्याने स्वतःच सांगितलं, अगदी सरळ, न लाजता. लपवलेलं घरटं तो पायाने ओळखतो. लांबवर अंधारात एक काळा ठिपका हलला की तो ओंडका आहे, माणूस आहे की कासव, हे तो आधी सांगतो आणि मला जवळ गेल्यावर सुद्धा कळत नाही. हे कौशल्य वेवेरोचंच आहे, फक्त पगार आता दुसरीकडून येतो. एकदा आम्हाला समोरून दोघं भेटले, पाठीवर पोतं. मला वाटलं आता काहीतरी होणार. लीडरने बुएनास नोचेस (शुभ रात्री) म्हटलं, त्यांनीही म्हटलं, एकाने त्याच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, आणि ते पुढे गेले. दोघं शाळेत एका वर्गात होते म्हणे. त्या किनाऱ्यावर एक न लिहिलेला नियम आहे, कासवापाशी जो आधी पोचला त्याचं घरटं. म्हणून चालायचं. जास्त माणसं, जास्त फेऱ्या, जास्त वेळा आधी पोचणं. मला टॅग नीट लावता येतो की नाही याने फार फरक पडत नाही, मी त्या रात्री तिथे दोन पायांवर उभी आहे आणि माझ्या पैशातून होडीचं डिझेल, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा पगार आणि लीडरचा पगार निघतो, याने पडतो. मी कुणाला वाचवायला जात नाही. मी एक जागा भरते आणि भाडं भरते, आणि त्या भाड्यामुळे जिवंत कासव त्या गावात ऐंशी डॉलरपेक्षा महाग होतं.

पण ते नेहमी बुएनास नोचेसवर संपत नाही. लिमोन शहराजवळच्या मोईनच्या किनाऱ्याबद्दल मी तिथे जाण्याआधी वाचलं होतं, तिथल्या लोकांच्या तोंडून ऐकणं वेगळं. हाइरो मोरा सांदोवाल, वय २६, याच प्रांतातला, लहानपणापासून कासवांच्या कामात. ३० मे २०१३ च्या रात्री तो चार परदेशी व्हॉलंटियर मुलींना घेऊन गस्तीवर होता. तोंड बांधलेल्या माणसांनी गाडी अडवली. मुलींना एका रिकाम्या घरात बांधून ठेवलं, त्या कशातरी सुटल्या. हाइरो दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर मेलेला सापडला. तो भाग अमली पदार्थांच्या वाहतुकीचाही आहे, रात्री किनाऱ्यावर माणसं नको असणारे तिथे बरेच आहेत. जानेवारी २०१५ मध्ये सातही आरोपी खुनाच्या आरोपातून सुटले, तपासात पुरावे नीट हाताळले नव्हते, त्यावर देशात आणि बाहेर प्रचंड संताप झाला, पुन्हा खटला चालला आणि २०१६ मध्ये चौघांना दोषी ठरवलं.

या घटनेचा विचार करताना मी एकाच गोष्टीशी अडकते. बाहेरून आलेल्या मुली वाचल्या, आणि त्या वाचल्या याचा मला मनापासून आनंद आहे, पण मेला तो तिथला. आम्ही काही आठवडे येतो, विमानाचं परतीचं तिकीट खिशात असतं. त्याला कुठे जायचं होतं? त्याचं घरच ते. त्यामुळे फोटोंमध्ये पिल्लांबरोबर आम्ही व्हॉलंटियर हसत असतो आणि लीडर फोटोच्या बाहेर असतो, किंवा फोटो काढत असतो, हे मला आता खटकतं, खूप खटकतं. आमच्यातल्या काही जणांनी ठरवून पिल्लांचे फोटो टाकणं बंद केलंय. बाकीच्यांनी करावं असं मी म्हणत नाही. पण निदान खाली त्या गावाचं नाव तरी लिहा.

एवढं सगळं करून कासवं वाढतायत का, हा दुसरा प्रश्न. प्रामाणिक उत्तर हे की आज काढलेल्या अंड्याचा तोटा आज दिसतच नाही. मोठी झालेली मादी येतच राहते, दोन-तीन वर्षांनी, एका हंगामात पाच-सहा वेळा, किनारा भरलेला दिसतो, आणि खालून नवीन कुणी येत नाहीये हे कळायला वर्षानुवर्षं जातात. कोस्टा रिकाच्याच दुसऱ्या बाजूला, पॅसिफिकवर, प्लाया ग्रांदे आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे एका हंगामात हजाराहून जास्त लेदरबॅक माद्या येत होत्या. त्याआधीची कितीतरी वर्षं जवळजवळ सगळी अंडी काढून नेली जात होती, भर म्हणून खोल समुद्रातल्या मासेमारीच्या गळांत आणि जाळ्यांत मोठी कासवं अडकत होती. १९९१ मध्ये संरक्षित उद्यान झालं, गस्त आली, अंडी काढणं थांबलं. आणि संख्या तरीही कोसळत राहिली, आता हंगामातला आकडा दोन अंकी राहिलाय. संरक्षण आलं तेव्हा मधल्या पिढ्याच नव्हत्या. म्हणून कॅरिबियनच्या बाजूला, जिथे अजून माद्या येतायत पण कमी होतायत, तिथे एक हंगाम सुद्धा रिकामा जाऊन चालत नाही. मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या, लेदरबॅकचा हंगाम नुकता लागला होता. व्हॉलंटियर नाहीत, म्हणजे भाडं नाही, म्हणजे पगार नाही. लीडर सांगत होता की तेव्हा गस्तीतली काही पोरं पुन्हा पोतं घेऊन बाहेर पडली. त्यांना दोष द्यायचा असेल तर द्या, मला नाही देता येत.

कॅरिबियन किनाऱ्यावरच्याच तोर्तुगेरोला मात्र गोष्ट दुसरीकडे गेली. ते गाव कासवांच्या मांसावर आणि चरबीवर जगायचं. आर्ची कार हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात तिथे आला, टॅग लावायला लागला, १९५९ मध्ये त्या कामाभोवती संस्था उभी राहिली, १९७५ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यान पक्कं झालं. ग्रीन टर्टलची अटलांटिकमधली सगळ्यात मोठी वीण आज तिथे होते, आणि रात्री पर्यटकांना घेऊन जाणारे गाइड तिथलेच, लायसन असलेले, त्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा कासवं पकडायचे. तोर्तुगेरो बघितल्यावर मला पटलं की हे होऊ शकतं, पण त्याला साठ-सत्तर वर्षं लागतात आणि मधे कुणी सोडून जाऊन चालत नाही.

हे सगळं बघताना मला कोकण आठवलं नसतं तरच नवल. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हेच केलं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी हॅचरीत, गावातली पोरं कासवमित्र, आणि पिल्लं बघायला येणाऱ्यांसाठी घरोघरी राहण्या-जेवणाची सोय. पैसा गावात राहिला म्हणून ते टिकलं. पुढे ते किनाऱ्या-किनाऱ्याने पसरलं. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या गहिरमाथाला टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं आपापली वेगळी असं समजलं जायचं, त्या समजुतीला तिने धक्का दिला. त्या रात्री कुणीतरी किनाऱ्यावर होतं, आणि त्याने टॅग वाचला. एवढंच काम आहे हे. (कोस्टा रिकातच ओस्तिओनालला हीच ऑलिव्ह रिडले हजारोंनी एकदम येतात, आणि तिथे पहिल्या दिवसांतली अंडी गावाने कायदेशीर काढायची सोय १९८७ पासून आहे, कारण नंतर येणाऱ्या माद्या ती खणून फोडतातच. लेदरबॅकच्या किनाऱ्यावर हा उपाय लावला तर सत्यानाश होईल. एका किनाऱ्याचं गणित दुसऱ्याला लागत नाही.)

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी थोडं. पिल्लं टाकीत दिवसेंदिवस ठेवून पर्यटकांना हातात देणारे प्रकल्प बऱ्याच देशांत आहेत, तिथे जाऊ नका, पिल्लाची पहिली ताकद समुद्रात लांब पोहून जाण्यासाठी असते, ती टाकीत संपते. पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा की गस्तीचे लीडर कुठले आहेत, त्यांना पगार मिळतो का, किती वर्षं एकाच किनाऱ्यावर काम चालू आहे, जेवण गावातून घेता का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरा प्रकल्प बघा. रबरी बूट नेऊ नका, वाळूत जड होतात, जुने बंद सँडल आणि लांब मोजे बरे. थोडी स्पॅनिश शिकून जा, आकडे तरी, कारण अंधारात आकडा चुकीचा ऐकला तर ती नोंद कायमची चुकते. जेवणाची काळजी नको, नारळाच्या दुधातला भात आणि बीन्स, तळलेलं पिकं केळं, आमच्याकडच्या माणसाला लगेच जमतं. आणि हंगाम नसतो तेव्हा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, लीडर लोकांना काही काम असतं का हेही विचारा. मी जिथे जाते तिथे त्या महिन्यांच्या पगारासाठी वेगळे पैसे पाठवता येतात, दिवाळीच्या सुमारास मी ते पाठवते.